दोनशे सतरा किलोमीटर आणि साहेबांची सत्तर मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे मुख्यालयातून खास या समारंभासाठी आलेले आमचे वाहतूकप्रमुख. आजचे सत्कारमूर्ती, आपले मावळते विमानतळप्रमुख, ज्यांना आपण तोंडावर साहेब आणि पाठीमागे मिनिटसाहेब म्हणतो. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. सूत्रसंचालन करणाऱ्या, चौकशी खिडकीवरच्या आमच्या ताई. सामानवाले, इंधनवाले, सफाईवाले, सुरक्षावाले माझे सगळे सहकारी. आणि तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसलेल्या एक पाहुण्या, ज्यांना मी काल स्वतः घरी जाऊन निमंत्रण दिलं आणि ज्यांची ओळख ओघात येईलच. सर्वांना माझा नमस्कार.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मी शिडीवाला. विमान येऊन उभं राहिलं की त्याच्या दाराला चाकांवरची शिडी लागते ना, ती गाडी मी चालवतो. एकवीस वर्षं झाली. आपल्याकडे येणाऱ्या विमानाचं दार जमिनीपासून दीड पुरुष उंच आहे. शिडी लागल्याशिवाय राजा असो की रंक, कोणाला खाली उतरता येत नाही. या एका बाबतीत मी विमानतळप्रमुखाइतकाच मोठा माणूस आहे. शिवाय इथे कोणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषणही माझ्याच गळ्यात पडतं. आजवर चौदा केली, आणि चौदाही वेळा सत्कारमूर्तींनी रुमाल काढला. ताईंनी मला आठ मिनिटं दिली आहेत. पण साहेबांच्या पद्धतीनं प्रत्यक्षातली आठ मिनिटं म्हणजे कागदावरची पंधरा होतात. मी कागदावरची घेतो. साहेब नाही म्हणणार नाहीत, पद्धत त्यांचीच आहे.

हसा, हसून घ्या. पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

आधी भेटवस्तूबद्दल बोलतो, कारण त्यावर समितीत दोन दिवस भांडण झालं. बहुतेकांचं म्हणणं होतं की साहेबांना भिंतीवरचं घड्याळ द्यावं. वक्तशीरपणाचे नऊ चषक मिळवणाऱ्या माणसाला घड्याळच शोभतं, असं सगळ्यांना वाटत होतं. मी एकटा आडवा पडलो. म्हटलं, ज्या माणसानं नऊ वर्षांत घड्याळाला एकदाही विचारलं नाही, त्याला घड्याळ कशाला? त्याला सुटकेस द्या. म्हणून ती समोर ठेवलेली सुटकेस. चांगली आहे, चाकं पक्की आहेत. साहेब, वापरा.

माझ्या आधी चार वक्ते बोलले. कोणी साहेबांना वक्तशीरपणाचा महामेरू म्हणालं, कोणी म्हणालं की त्यांच्यामुळे आपल्या छोट्या विमानतळाचं नाव झालं. आणि अध्यक्ष महोदय, आपण तर जाहीरच केलंत की साहेबांची वेळापत्रकाची पद्धत आता बाकीच्या अकरा विमानतळांवरही लागू होणार. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवय आहे. पण मागे बसलेल्यांपैकी किती जणांना ती पद्धत काय आहे हे माहीत आहे? अध्यक्ष महोदय, खुद्द आपल्याला कोणी सांगितलं आहे का? दुरून डोंगर साजरे. मी सांगतो, मी जवळून बघितलं आहे.

आपलं विमानतळ आणि डोंगरांपलीकडचं ते दुसरं विमानतळ, या दोघांमधलं अंतर सरळ रेषेत दोनशे सतरा किलोमीटर. रस्त्यानं डोंगराला वळसा घालून जावं लागतं, ते होतं तीनशे चाळीस, आणि मोटारीला सात तास. म्हणून तर लोक विमानानं येतात. रोज संध्याकाळी एकच विमान तिकडून इकडे येतं, इथे तासभर थांबतं आणि परत जातं. त्या दोनशे सतरा किलोमीटरला विमानाला किती वेळ लागतो? चाकं तिकडे उचलली की अडतीस मिनिटांत इकडे टेकतात. कधी सदतीस, कधी एकेचाळीस. पुढे आणखी तीन मिनिटांत ते जागेवर येऊन उभं राहतं. साहेब इथे आले तेव्हा तिकिटावर पंचेचाळीस मिनिटं छापलेली असायची. प्रामाणिक आकडा होता. विमान कधी पाच मिनिटं उशिरा यायचं, कधी आठ. मग मुख्यालयातून खरमरीत पत्र यायचं.

साहेबांनी काय केलं? विमान सुटण्याची घाई केली का? सामान लवकर चढवलं का? छे. त्यांनी पंचेचाळीसची पंचावन्न केली. उशीर बंद झाला आणि पहिला चषक आला. पुढच्या वर्षी पासष्ट केली, मग सत्तर. अंतर तेवढंच राहिलं, विमान तेच, डोंगर तेच. तरी कागदावरचं उड्डाण दरवर्षी लांबत गेलं. विमान चार वाजून वीसला सुटायचं, छापील आगमन साडेपाच, आणि प्रत्यक्षात ते पाच वाजून पाचला इथे हजर. उशीर होणार कुठून? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातला प्रकार.

आता कोणी म्हणेल, यात बिघडलं काय? प्रवासी लवकर पोचले, खूश झाले. तिथेच तर पाणी मुरत होतं. विमान रोज पंचवीस मिनिटं आधी येतं हे कागदावर दिसलं असतं, तर मुख्यालयानं विचारलं असतं की मग सत्तर कशाला, पंचेचाळीस करा. म्हणजे पुन्हा उशीर आणि पुन्हा पत्रं. म्हणून साहेबांनी ठरवलं की विमान पोचल्याची वेळ म्हणजे दार उघडल्याची वेळ. दार कधी उघडतं? शिडी लागल्यावर. आणि शिडीसाठी एक परिपत्रक निघालं. ते अजून माझ्या शेडच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे: 'छापील वेळेच्या पाच मिनिटं आधी शिडी शेडमधून हलवू नये.' सही साहेबांची.

कळलं का? पाच वाजून पाचला विमान उभं. माणसं आत पट्टे सोडून, पिशव्या काढून, वाकून उभी. मी समोरच्या शेडमध्ये स्टुलावर. मध्ये दोनशे पावलं. आणि सगळे मिळून पाच पंचवीसची वाट बघतोय. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, पण इथे घोडं वरातीसमोर बांधून ठेवलं होतं. कॅप्टन बिचारा वैतागून पुढचे दिवे दोनदा लावून विझवायचा, म्हणजे शिडी आणा. पहिल्या महिन्यात मी दचकून उठायचो. दुसऱ्या महिन्यापासून उठणं सोडलं. रोजचं मढं त्याला कोण रडं.

ताई, चिठ्ठी मिळाली. 'आवरतं घ्या' असं लिहिलं आहे. तुमचं अक्षर सुंदर आहे, पण ही चिठ्ठी तुमच्या मनानं लिहिलेली नाही, ती व्यासपीठावरून आली आहे. मी आवरतं घेणार नाही. साहेब, तुम्ही मला नऊ वर्षं थांबायला शिकवलंत, आज तुम्ही थोडं थांबा.

आता त्या पाहुण्यांची ओळख करून देतो. या आमच्या गावातल्या गणिताच्या बाई. तीस वर्षं त्यांनी मुलांना गणित शिकवलं. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या असतील. इंधनवाले, मान खाली घालू नका, त्यांनी तुम्हाला कधीच ओळखलं आहे. बाईंचे यजमान चष्मे बनवायचे. बाजारात कोपऱ्यावर त्यांचं छोटं दुकान होतं, काचा स्वतः घासायचे. माझ्या या चष्म्याची चौकटसुद्धा त्यांनीच बसवून दिलेली आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चष्मेवाले भिंगं आणायला डोंगरांपलीकडे गेले होते. एरवी ते मोटारीनं जायचे. त्या वेळी बाई म्हणाल्या, सात तास हाडं खिळखिळी करून घेऊ नका, विमानानं या, मी घ्यायला येते. त्याप्रमाणे ते विमानानं आले आणि बाई घ्यायला आल्या. वरच्या काचेच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथून धावपट्टी सगळी दिसते.

पाच वाजून दोन मिनिटांनी विमान टेकलं. पाच वाजून पाचला समोर येऊन उभं राहिलं. बाईंनी हात हलवला. नंतर त्यांनीच मला सांगितलं की खिडकीतून बघत असतील म्हणून त्या बराच वेळ हात हलवत होत्या.

आत चष्मेवाल्यांच्या छातीत कळ आली होती. डोंगर ओलांडताना घाम सुटला होता, विमान थांबेपर्यंत बोलणं तुटायला लागलं होतं. कॅप्टननं दिवे लावून विझवले. मी बघितले. मी उठलो नाही. कॅप्टननं कचेरीत रेडिओवर कळवलं की प्रवासी गंभीर आहे, शिडी पाठवा. विमानाला आणीबाणीची घसरगुंडी असते, पण अशा माणसाला घसरगुंडीवरून सोडत नाहीत. शिडीच लागते. कचेरीतून साहेबांना निरोप गेला, साहेबांनी दवाखान्याच्या खोलीतून डॉक्टरांना पाठवलं. कुठे पाठवलं? माझ्या शेडमध्ये. शिडीबरोबर जायला.

डॉक्टर धावत आले, हातात बॅग. म्हणाले, "चला, पेशंट आहे आत."

मी म्हटलं, "साहेबांना विचारतो."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. आजही ते इथे मागे उभे आहेत, आणि त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. बरोबर केलं त्यांनी.

मी शेडमधल्या फोनवरून साहेबांना विचारलं, "साहेब, डॉक्टर आलेत. शिडी हलवू का?"

साहेब म्हणाले, "किती वाजलेत?"

"पाच सोळा."

"मग वेळ आहे अजून. पंचवीसला हलवा."

मी म्हटलं, "पण साहेब, पेशंट आहे म्हणतात."

"रोजच कोणाला ना कोणाला चक्कर येते. या आठवड्यात मुख्यालयाची पाहणी चालू आहे, माहीत आहे ना तुम्हाला? एक नोंद चुकली तर सगळ्यांच्या गळ्याशी येईल. पंचवीसला."

साहेब, तुम्ही खुर्चीतून उठलात. 'तो विषय संपलेला आहे, चौकशी झालेली आहे' असं म्हणता आहात, मला ऐकू आलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मीच सांगितलं. चौकशीबद्दलही बोलणार आहे. अध्यक्ष महोदयांनी मला पुढे बोलायची खूण केली आहे, मी त्यांचा आभारी आहे. बसा साहेब. वहिनी, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय हे तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पाच सोळाला फोन ठेवला. पाच पंचवीसला शिडी हलवली. नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत मी काय करत होतो हे कोणी मला आजवर विचारलं नाही. चौकशीतही नाही. मी गाडीत बसलो होतो आणि किल्ली माझ्या हातात होती. साहेबांच्या नाही, माझ्या. डॉक्टर बाहेरून दार ठोठावत होते, "अहो, हलवा, हलवा" म्हणत होते, आणि मी घड्याळाकडे बघत होतो. मी गाडी सुरू केली असती तर साहेब मला धरायला येणार होते का? दोनशे पावलं होती मंडळी. डॉक्टर चालत निघाले असते तरी दोन मिनिटांत विमानाखाली पोचले असते, पण दीड पुरुष उंच दाराला खालून हात लागत नाही.

पाच सत्तावीसला दार उघडलं. डॉक्टर आत गेले आणि लगेच बाहेर येऊन पायरीवर बसले. पायऱ्या माझ्या शिडीच्या होत्या.

आतल्या हवाई सेविकेनं मला नंतर सांगितलं. चष्मेवाले विमान थांबल्यावर शुद्धीत होते. त्यांनी तिला विचारलं, "पोचलो का?" ती म्हणाली, "हो काका, पोचलो. आता दार उघडेल." त्यावर ते म्हणाले, "मग घरच्यांना सांगा, बरं वाटतंय मला." असं तीनचार वेळा विचारलं त्यांनी, पोचलो का म्हणून. तीही दरवेळी हो म्हणाली. खोटं नव्हती बोलत पोर.

आता चौकशी. साहेबांनी अहवाल लिहिला. आगमन पाच सत्तावीस, म्हणजे छापील वेळेच्या तीन मिनिटं आधी. प्रवासी साधारण पाच वीसच्या सुमारास दगावले. आगमन पाच सत्तावीसचं, तर पाच वीसला विमान कुठे होतं? कागदावर ते हवेत होतं, डोंगरांवर. तिथे कोण काय करणार? 'प्रवाशाचा उड्डाणादरम्यान दुर्दैवी मृत्यू, विमानतळाकडून कोणतीही दिरंगाई नाही.' आणि त्याखाली माझा जबाब जोडलेला आहे: 'विमान आल्यावर तत्काळ शिडी लावण्यात आली.' टंकलेखन कचेरीनं केलं, सही मी केली. शब्दाशब्दानं खरं आहे बघा. शिडी लागली तेव्हाच विमान आलं असं ठरवलं, की शिडी नेहमी तत्काळच लागते. त्या वर्षी चषक मिळाला. तो तिकडे कपाटात आहे, डावीकडून चौथा.

बाईंना साहेबांनी आपल्या खोलीत बोलावून घेतलं. पाणी दिलं. सांगितलं की तुमचे यजमान हवेतच गेले. बाई म्हणाल्या, "पण विमान तर बराच वेळ खाली उभं होतं, मी बघत होते." साहेब म्हणाले, "ते दुसरं विमान होतं बाई. तुमची अवस्था अशी, तुम्हाला कळलं नसेल."

दुसरं विमान. मंडळी, तुम्ही सगळे इथे कामाला आहात. संध्याकाळी इथे दुसरं विमान असतं का? एकवीस वर्षांत संध्याकाळी मी दुसऱ्या विमानाला शिडी लावलेली नाही. इथे एका विमानाला पुरतील एवढेसुद्धा आपण नाही. तरीही त्या दिवशी आपल्यापैकी एकानंही बाईंना सांगितलं नाही की बाई, दुसरं विमान नव्हतं. मी ज्यांना इतका वेळ सुनावतो आहे त्यात फक्त साहेब नाहीत. आपण सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच आपल्याला कळत होतं.

पण बाई गणिताच्या. महिन्याभरानं त्यांनी पत्र लिहिलं. पत्र चौकशी खिडकीवर आलं होतं, ताईंनी मला वाचायला दिलं. त्यात एवढंच होतं: अंतर दोनशे सतरा किलोमीटर, वेळ सत्तर मिनिटं, तर वेग ताशी एकशे शहाऐंशी किलोमीटर. या वेगानं हे विमान हवेत राहू शकतं का, कृपया कळवावं. साहेबांनी उत्तर पाठवलं, 'त्या दिवशी वारा उलटा होता.' बाईंनी पुन्हा लिहिलं, 'वेळापत्रकात येतानाही सत्तर आणि जातानाही सत्तर आहे. वारा दोन्हीकडून उलटा असतो का?' त्याला उत्तर गेलं नाही. सांगा ना साहेब, आता तरी सांगा. नऊ वर्षं, रोज, जातानाही आणि येतानाही उलटा वाहणारा तो वारा कुठून यायचा?

मग एके दिवशी बाई फाटकाशी माझी वाट बघत उभ्या राहिल्या. मी सुटून निघालो होतो, डबा हातात. त्या म्हणाल्या, "शिडी तुम्हीच लावता ना?"

"हो बाई."

"मला एवढंच सांगा, ते जमिनीवर होते का हवेत?"

मी म्हटलं, "आठवत नाही हो बाई. वहीत बघावं लागेल."

त्या म्हणाल्या, "बरं. बघून सांगा. मला घाई नाही."

सहा वर्षं झाली. मी वहीत बघितलं नाही, कारण बघायची गरज नव्हती. दरवर्षी एकदा त्या फाटकाशी यायच्या, आणि मी मागच्या दारानं जायचो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी येणं थांबवलं. नंतर बाजारात एकदा माझ्या बायकोला भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "अलीकडे माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नाही. दुसरं विमान असेलही." हे बायकोनं मला जेवताना सांगितलं आणि मी ताटावरून उठलो. चष्मे बनवणाऱ्याच्या बायकोनं, जन्मभर मुलांच्या वहीतली एकेक चूक शोधणाऱ्या बाईनं, आपल्यामुळे आपल्याच डोळ्यांना खोटं ठरवलं. माणूस गेला तो गेला. पण हे आपण रोज थोडं थोडं करत होतो.

आजच का बोललो? मला भीती वाटत होती, हे खरं उत्तर आहे. नोकरीची, साहेबांची, आणि सगळ्यात जास्त बाईंची. आजही वाटते. पण उद्या साहेब या आवारात नसतील. मग मी हे कोणाच्या तोंडावर बोलणार? पाठीमागे बोलायला मला आवडत नाही, ते आपण नऊ वर्षं केलं. आणि अध्यक्ष महोदय, हीच पद्धत अकरा ठिकाणी जाणार म्हणालात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अकरा शेड आल्या आणि किल्ली हातात धरून बसलेले माझ्यासारखे अकरा जण आले. माझा नवा जबाब या पाकिटात आहे. वेळा लिहिल्या आहेत, माझी नऊ मिनिटंही लिहिली आहेत. हे मी आपल्या हातात देतो. काय करायचं ते आपण ठरवा. माझ्यावर कारवाई झाली तर मी हरकत घेणार नाही.

साहेब, तुम्हाला मी शुभेच्छा देणार होतो. भाषणात तशी ओळ लिहून आणली होती, ती वाचत नाही. तुमच्याकडून मला माफी नको, खुलासाही नको. तुम्ही फक्त एकदा तिसऱ्या रांगेकडे बघा. बघितलंत? नाही ना. मग राहू द्या.

बाई, शेवटी मी वहीत बघितलं. पाच वाजून दोनला विमान टेकलं, पाच वाजून पाचला उभं राहिलं. तुम्ही हात हलवत होता ते तेच विमान होतं. ते जमिनीवर होते, तुमच्या समोर, बावीस मिनिटं, आणि त्यांना माहीत होतं की आपण पोचलो आहोत. तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. तुमचं गणित बरोबर होतं. अडतीस मिनिटं.

ऐकलंत का सगळ्यांनी? तो आवाज. आजचं विमान टेकलं. तिकडून चार चोवीसला उडालं होतं, आता घड्याळात पाच वाजून दोन झालेत. गणित आजही बरोबर आहे बाई.

सर्वांनी माझं बोलणं ऐकून घेतलंत, अध्यक्ष महोदयांनी मला थांबवलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. प्रत्येक भाषणाच्या शेवटी मी म्हणत आलो आहे की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. चौदा वेळा म्हटलं, चौदाही वेळा ते रीत म्हणून होतं. आज ते मी एकाच माणसाला म्हणतो. बाई, माझी चूक पदरात घ्या असं म्हणायला तोंड नाही माझं. नऊ मिनिटं आणि वर सहा वर्षं आहेत ती. तुम्हाला जमेल तेव्हा, जमलं तर. मला घाई नाही.

किल्ली माझ्याकडे आहे. आज शिडी पंचवीसला नाही, विमान उभं राहिल्याबरोबर लागेल. दारातल्या मंडळींनी जरा वाट द्या.